पॉइंट आहे का?

ओव्हन आला त्या दिवशी आषाढातला पाऊस कोसळत होता. खोकं पाठीवर घेऊन तीन जिने चढून आलेल्या पोराने प्यायला पाणी मागायच्या आधी विचारलं, "पॉइंट आहे न्हवं?"

"आहेत की," मी म्हटलं. "हवे तेवढे आहेत."

त्याने स्वयंपाकघरात मान घालून मिक्सरच्या बोर्डाकडे पाहिलं. मग बघण्याच्या कार्यक्रमातल्या आत्याबाई पोह्यांची बशी खाली ठेवताना जो चेहरा करतात, त्या चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "ह्यो न्हाई. सोळाचा लागतोय." आणि खोकं हॉलमध्ये टेकवून, सही घेऊन, पाणी न पिताच तो गेला.

दुसऱ्या दिवशी ओव्हन बसवणारा माणूस आला. त्याने खोक्याला हातही लावला नाही. तोही आधी बोर्डालाच भेटला, आणि "पॉइंट तयार झाला की फोन करा" म्हणून निघाला. तेव्हापासून ते खोकं हॉलमध्ये जे बसलं ते बसलंच. पहिल्या आठवड्यात आम्ही त्याला वळसा घालून जात होतो. दुसऱ्यात त्याच्यावर वर्तमानपत्रांची रद्दी आली. तिसऱ्यात सासूबाईंनी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला, म्हणजे ते फर्निचरमध्ये जमा झालं. भाद्रपदात गणपती त्याच्यावरच बसले. पुढचा पडदा थोडा आखूड पडला, त्यामुळे देवाच्या पायाशी "नाजूक वस्तू, ही बाजू वर" हा छापील मजकूर पाच दिवस सगळ्यांना वाचता आला.

आता हा ओव्हन आमच्याकडे आलाच का, तर सासूबाईंना ऐंशी पूर्ण होऊन सहस्रचंद्रदर्शन झालं म्हणून. पुण्याच्या नातीने आजीला भेट पाठवली. आजी गेली काही वर्षं दर दिवाळीला एकच गोष्ट म्हणतात, "नानकटाई खावी तर भट्टीतली." पूर्वी आमच्या सांगलीत दिवाळीच्या आधी मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन बेकरीत नंबर लावायची पद्धत होती. लाकडाची भट्टी, काळे पडलेले पत्रे, आपला पत्रा ओळखू यावा म्हणून त्यावर खडूने लिहिलेलं आडनाव, आणि तरीही दुसऱ्याचीच नानकटाई घरी आल्याचा दरवर्षीचा संशय. आमच्या गल्लीतली ती बेकरी बंद झाली, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तेव्हा नातीने भट्टीच घरी पाठवली. भट्टीला एक बरं असतं. तिला सरपण लागतं, पॉइंट लागत नाही.

तसा ओव्हन आमच्या घराला अगदी नवखा नव्हे. सासूबाईंकडे पूर्वी ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन होता, झाकणात काचेची खिडकी असलेला. त्याच्या वायरीला दोनच पिना होत्या. एका वाटेने वीज आत जायची, दुसरीने परत यायची. वाट चुकलेल्या विजेने कुठून जावं, याची काही सोय नव्हती. ती सासूबाईंच्या बोटांतून जायची. ओव्हनचा पत्रा चावतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते मांजर ओचकारतं इतक्या सहजपणे स्वीकारलेलंही होतं. उपाय एकच. केक करायचा तो लाकडी पाटावर उभं राहून आणि पायात रबरी चपला घालून. एरवी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर चपला काढायला लावणारी ही बाई केकच्या दिवशी चपलांसकट पाटावर चढायची. विचारलं तर म्हणायची, "केकला सोवळं नसतं."

मी शाळेत विज्ञान शिकवते. एकोणतीस वर्षं झाली. दहावीच्या पहिल्या भागात "विद्युतधारेचे परिणाम" नावाचा धडा आहे. तो मला झोपेतून उठवलं तरी येतो. दीड व्होल्टचा सेल, एक चिमुकला बल्ब आणि दोन वायरी एवढ्या भांडवलावर मी ओहमचा नियम एकोणतीस वेळा सिद्ध केलाय. हा ओहम, 1827 मध्ये ज्याने नियमाचं पुस्तक छापलं तो, मुळात शाळामास्तरच. म्हणून मला त्याच्याविषयी जरा जास्त आपलेपणा. पण आपल्या घरात फेज कुठून येते आणि न्यूट्रल कुठे जातं, हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही त्यांना विचारलं नव्हतं.

ओव्हनच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं: 2900 वॅट, 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. मी तिथल्या तिथे भागाकार केला. 2900 भागिले 230, म्हणजे 12.6 अँपिअर. मिक्सरचा पॉइंट सहाचा. म्हणजे दुप्पट. घरात सगळ्यांना मी ते उत्तर ऐकवलं. सासूबाईंनी "बरं" म्हटलं. नवऱ्याने मात्र तोडगा काढला, "मग कन्व्हर्टर लावू की."

माझा नवरा पतपेढीत हिशेबनीस होता. कुठल्याही दोन न जुळणाऱ्या गोष्टींमध्ये एक छोटी तिसरी गोष्ट घातली की मेळ बसतो, ही त्याची व्यावसायिक श्रद्धा. सोळाचा जाड प्लग सहाच्या भोकात घालायला बाजारात एक ठोकळा मिळतो, चाळीस-पन्नास रुपयांत. तो ठोकळा पिना बारीक करतो, वीज बारीक करत नाही. हे त्याला सांगायचा नैतिक अधिकार मला होता, कारण मागच्या श्रावणात त्याने 2000 वॅटची इंडक्शनची शेगडी त्याच ठोकळ्यावर चालवली होती. तिसऱ्या दिवशी घरात मासळीचा वास सुटला. श्रावणात! आम्ही आधी खालच्या मजल्यावर संशय घेतला. त्यांनी, नंतर कळलं, आमच्यावर घेतला होता. दोन दिवस जिन्यात कोणी कोणाकडे धड पाहत नव्हतं. शेवटी सासूबाई वास घेत घेत बोर्डापाशी जाऊन थांबल्या. "बांगडा हा इथे आहे," म्हणाल्या. तापलेल्या प्लॅस्टिकला असा वास येतो. त्या सॉकेटची भोकं तपकिरी झाली होती आणि ठोकळ्याची एक पिन निळी-काळी.

त्याचं कारण माझ्याच धड्यात आहे. वायरीतून वीज गेली की उष्णता होते, आणि ती विद्युतधारेच्या वर्गाच्या पटीत वाढते. अँपिअर दुप्पट झाले की उष्णता चौपट. हे ज्यूलने 1841 मध्ये मांडलं. तो बिअर गाळणाऱ्या घरातला मुलगा होता, तेव्हा तापण्या-तापवण्याचा अंदाज त्याला घरातूनच असणार. आता सॉकेटचा स्क्रू सैल असेल आणि तिथे एक दशांश ओहम एवढाच विरोध होत असेल तरी 12.6 अँपिअरला त्या एका ठिपक्यावर जवळजवळ 16 वॅट उष्णता तयार होते. म्हणजे भिंतीच्या पोटात एक छोटी सोल्डरिंग आयर्न चालू करून आपण वर कॅलेंडर लावलेलं असतं. केक भाजला जातोच, पण भिंतीतलाही काही भाग भाजला जातो.

तर वायरमन बोलवायचा ठरला. आला तो दारातच वाकून नमस्कार करून म्हणाला, "बाई, ओळखलंसा न्हाई?"

ओळखलं. शेवटचा बाक, खिडकीकडची बाजू. याच धड्यावर त्याला वीसपैकी चार मार्क मी माझ्या हाताने दिले होते. आता त्याच्या कमरेला टेस्टर, पक्कड, टेप आणि त्याच्या हाताखाली एक पोरगा. पोऱ्याला त्याने ओळख करून दिली, "ह्या बाईंनी मला लाइट शिकवली." मला कुठे तोंड लपवावं कळेना.

त्याने मेन बंद केला, मिक्सरच्या बोर्डाचे स्क्रू काढले, बोर्ड पुढे ओढला आणि आत बॅटरी मारली. वायरमन बोर्ड उघडल्यावर जे पहिलं वाक्य बोलतो ते गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत एकच असणार. तोही तेच बोलला.

"हे कुणी केलंय काम?"

"का रे?"

"तीन-बावीसची बारीक वायर हाय, बाई. हिच्यावर मिक्सर चालला हेच नशीब. आणि ह्ये बघा." त्याने पकडीच्या टोकाने सॉकेटमागे एक वेटोळं दाखवलं. मोठ्या वरच्या पिनेला, जिथे अर्थिंगची हिरवी वायर यायला हवी, तिथे खालच्या न्यूट्रलवरूनच बोटभर वायरीचा तुकडा वाकवून जोडलेला. "अर्थिंग आणलंच न्हाई. न्यूट्रलवरच भागवलंय. उद्या मागं कुठं न्यूट्रल सुटला की सगळी फेज ओव्हनच्या पत्र्यावर. दार उघडायला हात लावला की संपलं. कुणी केलंय?"

मी गप्प बसले. पण सासूबाई सत्याच्या बाबतीत गप्प बसत नाहीत. "तुझ्या बाबांनी," त्या म्हणाल्या. "सत्त्याऐंशी साली. ह्या बिल्डिंगचं सगळं काम त्यांचंच. फार सज्जन माणूस. चहात साखर घेत नसत."

पोऱ्याने हातातला टेस्टर खाली ठेवला. वायरमन बोर्डाच्या आत पाहत राहिला, जरा जास्तच वेळ. मग बोर्ड हळूच भिंतीला टेकवत म्हणाला, "तवा लोड कुठं होता, बाई."

आणि ते खरंच होतं. 1987 मध्ये या घरात चार ट्यूबा, तीन पंखे, एक छोटा फ्रिज, एक इस्त्री आणि ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. अंघोळीला बंब होता. त्याने मग मला विजेचं बिल आणायला सांगितलं. चाळीस वर्षं होत आली हे बिल घरात येतंय. मी त्यात फक्त खालची रक्कम आणि शेवटची तारीख वाचत आले. त्याने बोट ठेवलं: मंजूर भार, 2 किलोवॅट.

दोन! घरात दोन किलोवॅटचे दोन गिझर आहेत. दीड टनाचा एसी, गरम पाण्याचं वॉशिंग मशिन, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, इस्त्री, मिक्सर. वरून हा 2.9 चा. मी फळ्यावर लिहितात तसं मागच्या कोऱ्या बाजूला लिहून बेरीज केली तर पंधराच्या वर गेली. कागदोपत्री आम्ही अजून ट्यूब आणि टीव्हीवालेच होतो.

"सगळं एकदम थोडीच लावता?" वायरमन म्हणाला. वीज आखणाऱ्या लोकांचा हा मोठा आधार आहे. त्याला ते डायव्हर्सिटी म्हणतात. घरातली सगळी यंत्रं एकाच वेळी चालू होणार नाहीत असं धरायचं आणि त्याप्रमाणे मेनची वायर, मीटर, बाहेरचा ट्रान्सफॉर्मर सगळं बेरजेपेक्षा कमी ठेवायचं. शास्त्र चांगलं आहे. माणसाच्या समजूतदारपणावर एवढा विश्वास इतर कुठल्याही शास्त्राने टाकलेला नाही. पण हे शास्त्र रचणाऱ्याने रविवारी सकाळी नऊला एखाद्या मराठी घरात येऊन बसायला हवं होतं. दोन्ही न्हाणीघरांत गिझर, मिक्सरवर इडलीची चटणी, मशिनमध्ये आठवड्याचे कपडे, खोलीत कुणीतरी लग्नाला जायचं म्हणून झब्ब्याला इस्त्री करतंय, आणि पाहुणे आलेत म्हणून एसी. डायव्हर्सिटी आमच्याकडे फक्त मतांत आहे.

म्हणून मग एका पॉइंटचं काम जे होतं ते फांद्या फुटून वाढलं. ओव्हनला मेनच्या डब्यापासून स्वतंत्र लाइन, चार एमएमची. मीटरपासून घरापर्यंतची मेन जुनी सात-वीसची, ती काढून दहा एमएमची. चिनीमातीचे किटकॅट फ्यूज जाऊन एमसीबी. एका किटकॅटमध्ये फ्यूजच्या तारेऐवजी तांब्याची दुहेरी पिळलेली तार निघाली. ती कोणी घातली हे विचारल्यावर नवरा गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घालू लागला. पाऊस पडत होता. लोड वाढवायचा अर्ज वेगळा, त्याला परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट वेगळा. मीटर मात्र एका बाबतीत आधीच वर गेलं होतं. 2019 च्या महापुरात कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली आणि आमच्या गावभागात तळमजल्यावरच्या मीटरच्या पेट्या पाण्यात बुडाल्या. तेव्हापासून आमच्या इमारतीची मीटरं छाताडाऐवजी डोक्याच्या वर आहेत. रीडिंग घ्यायला येणारा स्टूल मागतो.

वायर आणायला मी स्वतः गेले. दुकानदार म्हणाला, बंडल 90 मीटरचं. मला अकरा मीटर हवी होती, तीन रंगांत. लाल, काळी, हिरवी. मी हिशेब केला की नियमाप्रमाणे मला 33 मीटरसाठी 270 मीटर वायर घ्यावी लागेल, आणि उरलेल्या वायरीत गावभागाला वेढा पडेल. शेवटी वायरमनने फोनवरून दुकानदाराला काय सांगितलं कोण जाणे, त्याने तोडून दिली. घरी आल्यावर दुसरा घोळ. भिंतीतल्या वायरी लाल, काळ्या, हिरव्या. ओव्हनमधून बाहेर आलेल्या मात्र तपकिरी, निळी आणि हिरव्यावर पिवळा पट्टा. माझी छाती धडधडली. वायरमन शांत. पोऱ्याला म्हणाला, "तपकिरी म्हंजी लाल, निळा म्हंजी काळा, पिवळा पट्टा म्हंजी हिरवा. पाठ कर." पोऱ्याने पाठ केलं. मीही केलं. एकोणतीस वर्षांत मला एवढा नेमका पाठ कोणी दिला नव्हता.

वायरीसाठी भिंतीत झिरी मारताना तीन टाइल्स फुटल्या. ती टाइल आता येत नाही. याहून जास्त त्या दिवसाबद्दल लिहवत नाही.

खरी गंमत अर्थिंगची. बिल्डिंगचा अर्थिंगचा खड्डा पार्किंगमध्ये होता, पण त्याचा पाइप गंजून गेलेला. 1987 पासून त्याला कोणी पाणी दाखवलं नव्हतं. नवा खड्डा घ्यायचा तर सोसायटीची सभा. सभेत सेक्रेटरींनी विचारलं, एका फ्लॅटच्या केकसाठी सगळ्यांनी खड्डा का खणायचा? मी उभी राहिले आणि वर्गात सांगते तसं सांगितलं. यंत्राच्या पत्र्यावर चुकून वीज उतरली तर तिला जमिनीत जायला माणसापेक्षा सोपी वाट हवी. ती वाट म्हणजे अर्थिंग. म्हणूनच प्लगची वरची पिन लांब असते, सगळ्यांत आधी जोडली जाते आणि सगळ्यांत शेवटी सुटते. सभा शांत झाली. मग पहिल्या मजल्यावरच्यांनी कबूल केलं की त्यांचं वॉशिंग मशिन चावतं. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, आमचा फ्रिज. एका वहिनींनी सांगितलं की त्या गिझरचा नळ सोडताना नेहमी पदर हाताला गुंडाळतात. सगळेजण वर्षानुवर्षं गुपचूप चावून घेत होते. ठराव एकमताने झाला. फक्त खड्डा ईशान्येला नको, एवढी दुरुस्ती आली.

आठ-नऊ फुटांचा खड्डा, मध्ये लोखंडी पाइप, भोवती लाकडी कोळसा आणि मिठाचे थर. कोळसा आणि मीठ ओल धरून ठेवतात, आणि ओल असली की वीज जमिनीत सहज पसरते. सासूबाई खुर्ची घेऊन पार्किंगमध्ये बसल्या होत्या. मिठाचं पोतं पाहून त्यांचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा विजेच्या कामात त्यांना कळणारा जिन्नस निघाला होता.

"खडे मीठ आहे ना? बारीक घेऊ नका, विरघळून जातं."

"खडेच हाय, आजी."

"आणि थर दाबून घे. हवा राहिली की बुरशी येते."

वायरमनने थर दाबून घेतले. कैरीच्या लोणच्याची बरणी भरतात तशी ती बरणी भरली, आणि वर पाणी घालायला नरसाळं बसवलं. "उन्हाळ्यात ह्यात पाणी घालत राहा," तो म्हणाला. "वाळलं की काम करत न्हाई."

डब्यात शेवटी आरसीसीबी नावाची एक गोष्ट बसली. हिची आणि माझ्या नवऱ्याची पाहताक्षणी मैत्री झाली. वायरमनने सांगितलं, ही फेजमधून किती गेलं आणि न्यूट्रलमधून किती परत आलं ते मोजत बसते. जेवढं गेलं तेवढं आलं पाहिजे. 30 मिलिअँपिअरची तफावत दिसली की सगळं बंद. माणसाच्या अंगातून गळती व्हायला लागली तर काही घडायच्या आत तोडायचं, एवढंच हिचं काम. "म्हणजे रोजचा ताळेबंद!" नवरा म्हणाला. आपण पतपेढीत हेच करत होतो, फक्त आपल्याला कोणी भिंतीवर बसवलं नाही, असं त्याला वाटलं असणार. एमसीबीबद्दल मात्र त्याचं मत वेगळं. सोळाचा लावला तो सारखा पडेल, बत्तीसचाच लावून टाका. वायरमनने समजावलं की एमसीबी ओव्हनला वाचवायला नसतो, भिंतीतल्या वायरीला वाचवायला असतो. शिवाय सोळाचा काही सोळावर लगेच पडत नाही. अठरापर्यंत तासभर निभावतो, तेवीसच्या आसपास मात्र तासाभरात पडलाच पाहिजे. ताप उतरत नाही म्हणून मोठा थर्मामीटर आणायचा का, हे मी विचारलं. संसार आहे, बोलावं लागतं.

ऑक्टोबर उजाडला. ओव्हन बसवणारा माणूस पुन्हा आला, पॉइंटकडे पाहिलं आणि म्हणाला, "छान." आम्ही सगळे नटून उभे. बटण दाबलं. आतला दिवा लागला, दोन मिनिटं गेली आणि टप्प. सगळं घर अंधारात. नवरा अभिमानाने म्हणाला, "तफावत!"

वायरमन मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, घेऊन आला. काटा फिरला आणि खालीच राहिला. "कॉइलला हवा लागलीय," तो म्हणाला. ओव्हनच्या कॉइलमध्ये तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. ती वीज अडवते, पण तिला ओल ओढून घ्यायची खोड आहे. अख्खा पावसाळा खोक्यात काढलेल्या, डोक्यावर गणपती घेऊन बसलेल्या ओव्हनला सर्दी झाली होती.

सासूबाईंनी विचारलं, "ओलच ना? मग उन्हात घाला."

आम्ही हसलो. वायरमन हसला नाही. "घाला," म्हणाला. म्हणून ऑक्टोबरच्या उन्हात, साठ लिटरचा, बिल्ट-इन ओव्हन दोन दिवस गच्चीवर दार उघडं टाकून वाळत होता. वर कावळे बसू नयेत म्हणून जुनी साडी. शेजारच्या वहिनींनी जागा आहे म्हणून बाजूला उडदाचे पापड घातले. तिसऱ्या दिवशी मेगरचा काटा वर गेला. मग आधी अर्धा तास मंद आचेवर, खालची एकच कॉइल. आरसीसीबी शांत राहिली. सासूबाई ओव्हनपुढे खुर्ची टाकून बसल्या. थर्मोस्टॅट दर थोड्या वेळाने टक् करून वीज तोडतो आणि जोडतो, त्याचा आवाज त्यांना कळला होता. "घेतला," त्या म्हणायच्या. "सोडला." 2900 वॅट म्हणजे तासाला जवळजवळ तीन युनिट, या भीतीने बसलेल्या नवऱ्याला प्रत्येक "सोडला" ऐकून जरा बरं वाटत होतं.

पहिली नानकटाई संध्याकाळी सातला लावली. पांढरीच राहिली. त्या वेळी घरात व्होल्टेज 200 च्या आसपास येतं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे पडते, म्हणजे 2900 चा ओव्हन तेव्हा 2200 चा होतो. दुसरा घाणा दुपारी तीनला लावला. तो तांबूस झाला, वरची चीर अगदी भट्टीतल्यासारखी. सासूबाईंनी एक खाल्ली आणि दुसरी पदराआड ठेवली, त्यावरून काय ते कळलं.

ओव्हन 24,500 रुपयांचा होता. भिंत 38,200 ला पडली, टाइल्स धरून. फ्रिजवर आता वेळापत्रक चिकटवलंय: गिझर सातपर्यंत, मशिन दहाला, ओव्हन तीन ते पाच, इस्त्री कधीही पण ओव्हनबरोबर नाही. कॅलेंडरवर दर शनिवारच्या चौकोनात सासूबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, मारुतीला तेल, अर्थिंगला पाणी. तीन जिने उतरून कळशी घेऊन जायचं असल्यामुळे त्याच्या पाळ्या लावल्यात. या शनिवारी माझी आहे.